शेजारची एकच सीट

डेलमर ह्रुस्काने चर्चच्या जेवणात, साऱ्या गावादेखत, बायकोला आणि सासूला शब्द देऊन टाकला होता: हौशी वैमानिकाचा परवाना हातात पडला की दोघींना विमानातून मेहुणीकडे, मार्सेलाकडे, नेणार. नेब्रास्कातल्या त्या गावात शब्द फिरवणाऱ्याला नातवंडांच्या लग्नापर्यंत चिडवतात. आणि लेखी परीक्षेच्या पुस्तकात स्पष्ट छापलेलं, की या परवान्यावर प्रवासी एकच नेता येतो.

ते वाचल्यापासून गड्याच्या जिवाला चैन नव्हतं. मक्याला पाणी सोडायला जायचा आणि न सोडताच परत यायचा. एकीला नेलं तर दुसरी जन्मभर तोंड बघणार नाही, हे नक्की. त्यातून मायलेकी रोज संध्याकाळी कोलाचे नावाचे जॅम भरलेले गोड पाव भट्टीत सारून त्याचा अभ्यास घ्यायला बसायच्या. ते पान आलं की हा घाईघाईने म्हणायचा, हे झालंय माझं, पुढचं विचारा.

"बरं, समोरून माणसं बसलेला गरम हवेचा फुगा आला," सासूबाई व्लास्ता म्हणाल्या. "वाट कुणी द्यायची?"

"त्याने. माझं विमान मोठं आहे."

बायको आर्लिसने उत्तराचं पान पाहिलं; तिथे वाट विमानाने द्यायची असं छापलं होतं. मग हळूच म्हणाली, "आणि इंजिन बंद पडलं तर?"

"आधी खाली शेत कुणाचं आहे ते बघायचं. त्या भांडकुदळ शेजाऱ्याचं, नोवाकचं, असेल तर मेलो तरी उतरणार नाही."

व्लास्ताबाईंनी छातीवर क्रूस काढला.

परीक्षेला निघताना डेलमरला वाटलं, नापास झालो तर सुटलो एकदाचा. पण पडद्यावर प्रश्न दिसले आणि अंगातली खुमखुमी गप्प बसेना. पठ्ठ्या काठावर का होईना, पास झाला. आता विमान उडवून दाखवायची परीक्षा तेवढी उरली.

घरी दोघी दारातच उभ्या होत्या. त्याला राहवेना. टोपी हातात चुरगाळत त्याने सगळं सांगून टाकलं: सीट एकच आहे, माझं चुकलं, आता तुम्हीच ठरवा.

"मग आर्लिस, तू जा," व्लास्ताबाई लगेच म्हणाल्या. "बायकोचा मान पहिला."

"छे गं आई. तुझं वय झालंय, तुझी हौस आधी."

भांडण झालंच, आणि चांगलं कोलाचे करपेपर्यंत चाललं. डेलमर आळीपाळीने दोघींकडे बघत होता. सीट एकच हे ऐकून दोघींपैकी कुणीच चकित झालं नव्हतं; ते पान दोघींनी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

शेवटी व्लास्ताबाईंनीच तोडगा काढला. "आम्ही दोघी गाडीने मार्सेलाकडे जातो. विमानात तू तिला बसव."

"तिलाच का?"

"तिने तुझा अभ्यास घेतलेला नाही."