बबनमामांचा चौथा भाग

बबनमामांच्या घरी चहा प्यायचा असेल तर आधी सूड घ्यावा की न घ्यावा, यावर मत द्यावं लागतं. मत दिल्याशिवाय कप पुढे येत नाही. मत पसंत पडलं नाही तरी कप येतो, पण त्यातला चहा निवलेला असतो.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे, वर्षाचे सख्खे मामा. राहायला पिरंगुटच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. आम्ही सूसला. रस्ता जेमतेम पाऊण तासाचा, पण तेवढ्या वेळात मी दोनदा तरी गाडी परत फिरवायचा विचार करतो. सगळीकडे सासरची माणसं जावयाला दबकून असतात, आमच्याकडे उलटं आहे. मी एका कंपनीत मनुष्यबळ खात्यात आहे. लोकांना कामावरून कमी केल्याची पत्रं मी न अडखळता त्यांच्या हातात ठेवतो. पण मामांच्या ओट्याशी चपला काढायला वाकलो की मला बक्कल सापडत नाही.

मामा तीस वर्षं एका कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग त्यांच्या टेबलावरून जायचा. बरोबर असेल तर हिरवं लेबल, घासूनपुसून चालणार असेल तर पिवळं, बिघडलेला असेल तर लाल. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल आणि नारळ दिला, आणि मामांनी उरलेल्या लेबलांचा एक गठ्ठा मागून घेतला. तेव्हापासून ते लेबलं माणसांच्या मतांना लावतात.

मतं कशावर, तर चार भागांच्या एका जुन्या अवकाश-साहसमालेवर. ती त्यांना पिरंगुटच्या बाजारात रद्दीवाल्याकडे मिळाली. गोष्ट अशी: कप्तान उदयनला त्याचेच चार सोबती एका निर्मनुष्य चंद्रावर टाकून यान घेऊन पळून जातात. उदयन कसाबसा वाचतो आणि एकेका भागात एकेकाला गाठून सूड उगवतो. तीन भाग ठीक चालतात. चौथा सोबती मात्र त्याचा लहानपणापासूनचा मित्र, सोमदत्त. तो यानाच्या बाहेर लोंबकळतोय, त्याच्या नळकांड्यातली हवा संपत आलीय, तो दारावर थापा मारतोय. दोनशे चोविसाव्या पानावर शेवटची ओळ आहे, ‘उदयनने दाराच्या कळीवर हात ठेवला आणि’.

पुढे पुस्तकच नाही. शेवटची सोळा पानं रद्दीत कुठेतरी गेली.

त्या ‘आणि’ला मामांनी गावातल्या प्रत्येक माणसाला लटकवून ठेवलं आहे. पुस्तक वाचायला द्यायचं आणि परत घेताना समोर बसवून विचारायचं, “दार उघाडलं का न्हाई? तुमचं मत सांगा.” सरपंच म्हणाले, दोघांनी सामोपचाराने घ्यावं. त्यांना पिवळं लेबल मिळालं. शाळेच्या गुरुजींनी सूड किती वाईट यावर पंधरा मिनिटं घेतली. त्यांना लाल. “पुस्तकातलं बोलतोय,” मामा म्हणाले, “सवताचं काय न्हाई त्यात.” मी म्हणालो होतो, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला गंज चढलाय. मग लाल लेबलात दोरा ओवून ते त्यांनी माझ्या शर्टाच्या गुंडीला बांधला. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. हिरवं लेबल आजवर कुणालाच मिळालेलं नाही.

मामांच्या घराला लागून दुसरं घर आहे. मधली भिंत एकच. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ विलास राहतो. अकरा वर्षं दोघांत शब्द नाही. नांदे गावाला दोघांचं एक सामाईक भातखाचर होतं. एका आषाढात मामा डोक्यावर रोपांच्या जुड्या घेऊन लावणीला गेले, तर खाचराला पत्र्याचं कुंपण. विलासमामांनी आपला हिस्सा बिल्डरला दिला होता आणि सांगायची छाती झाली नव्हती. मामा म्हणे तासभर त्या पत्र्यासमोर तसेच उभे होते. जुड्यांचं पाणी अंगावरून निथळत होतं. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही. घरी आले आणि त्या दिवसापासून विलासमामांचं नावच घेईनासे झाले. घेतलंच तर ‘पलीकडचा’.

परवा शनिवारी सुमनमामींचा, म्हणजे बबनमामांच्या बायकोचा फोन आला. विलासमामांना पुण्यात दवाखान्यात ठेवलं होतं, मंगळवारी हृदयाची शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी फार भरवसा दिला नव्हता. मामी हलक्या आवाजात बोलत होत्या, म्हणजे मामा घरातच असणार. “त्यांना एकदा तितं न्या,” त्या म्हणाल्या. “तुमचं ऐकत्यात ते, पाव्हणं.”

माझ्या अंगावर लाल लेबल बांधणारा माणूस माझं ऐकतो, ही बातमी मला नवीन होती. मी वर्षाला म्हटलं, तू जा, तुझे मामा आहेत. ती म्हणाली, मी गेले तर रडेन, आणि रडणाऱ्या माणसाला मामा खोलीबाहेर काढतात. मग मीच राहिलो.

शनिवारभर मी हत्यार शोधत होतो. मामांशी थेट भावाचा विषय काढणं म्हणजे विजेच्या उघड्या तारेला हात लावणं. पण उदयन आणि सोमदत्तावर बोलता येत होतं. चौथ्या भागाचा शेवट मिळाला आणि त्यात दार उघडलेलं असलं, तर निम्मं काम झालं असतं. मी मोबाईलवर शोधायला बसलो. त्या मालेवर वाचकांनी भरभरून मतं लिहिली होती. एकाने लिहिलं होतं, शेवट वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसऱ्याचं मत, इतका भिकार शेवट आयुष्यात वाचला नाही. तिसऱ्या बाईंनी शेवटाला पाच तारे दिले होते आणि लेखकाला भेटून जाब विचारायची इच्छाही व्यक्त केली होती. पण शेवट काय, ते एकाही शहाण्याने लिहिलं नव्हतं. नव्या वाचकांचा रसभंग होऊ नये म्हणून.

रविवारी सकाळी मी गेलो. घाट नाही, दरड नाही, तरी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. मामा ओट्यावर बसले होते. मामींनी आतून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच पदर तोंडाला लावला. पलीकडच्या घराला कुलूप होतं. मी ते पाहतोय हे मामांनी पाहिलं.

मी म्हणालो, “मामा, शेवट मिळाला.”

 मामांचा गुडघा हलायचा थांबला.

मग मी बोलत सुटलो. भीतीने माणूस एक तर मुका होतो नाहीतर कीर्तनकार. मी सांगितलं, उदयन कळ दाबतो, दार उघडतो, सोमदत्ताला आत ओढतो, स्वतःच्या नळकांड्यातली अर्धी हवा त्याला देतो. दोघं रडतात. सोमदत्त म्हणतो, मी तेव्हा भ्यालो होतो रे. रंगाच्या भरात मी यानाबाहेर उल्कापातही करवला.

“पान कंचं?” मामांनी विचारलं.

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. पण हिशेब येत होता. दोनशे चोवीस अधिक सोळा. “दोनशे चाळीस,” मी म्हणालो. “अगदी शेवटची ओळ.”

मामा उठले. आतून पहिले तीन भाग आणले, माझ्यासमोर ओळीने मांडले आणि तिघांचंही शेवटचं पान उघडलं. तिन्हीकडे पान दोनशे चाळीस. तिन्हीकडे एकच मजकूर: त्याच प्रकाशकाच्या लोणच्यांच्या पुस्तकाची जाहिरात, कैरीच्या चित्रासकट.

“चारी येकाच साच्यातली हायेत,” मामा शांतपणे म्हणाले. “चौथ्यात बी लोणचंच आसनार.”

माझे कान गरम झाले. आत मामींनी हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आता लेबल येणार, कदाचित माझ्या कपाळावर, अशा तयारीने मी डोळे मिटून घेतले. काही आलं नाही. डोळे उघडले तर मामा त्या कैऱ्यांवरून बोट फिरवत बसले होते.

“खोटं बोलला तुमी,” ते म्हणाले. “का बोलला ते बी कळलं मला.”

“मामा, मंगळवारी त्यांचं...”

“म्हाईत हाय. भिंतीतनं ऐकू येतं सगळं. त्याचा खोकला अकरा वर्सं ऐकतोय मी. चार दिस झालं ऐकू न्हाई आला.”

 मामांनी पुस्तकं मिटली, एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या, परत विस्कटून परत जुळवल्या.  तीस वर्षं केसाएवढा फरक पकडणाऱ्या त्या हातांना तीन पुस्तकांच्या कडा जुळवता येईनात.

“जातो म्हनलं तर पाय उचलत न्हाईत,” ते म्हणाले. “लोकांस्नी वाटतं मी रागात हाय. राग कवाच गेला, पाव्हणं. दुसऱ्या सालीच गेला. पर मी तितं गेलो, आन् त्यानं तोंड फिरवलं तर? आन् मग मंगळवारी काय झालं तर?”

इतकी वर्षं मी ज्या माणसाला घाबरत आलो होतो, तो माझ्याहून दसपट घाबरलेला होता.  मी म्हणालो, मलाही भीती वाटतेय, पण गाडी दारात आहे.

मामींनी धुतलेला सदरा कधीच बाहेर आणून ठेवला होता.

मामीही बरोबर निघाल्या. चांदणी चौकाशी मामा एकदा म्हणाले, गाडी वळवा. मी ऐकू न आल्यासारखं केलं. दवाखान्याच्या जिन्यावर ते प्रत्येक पायरीला थांबले. मामी पुढे, मी मागे, म्हणजे पळून जायला जागा नको.

खोलीत विलासमामा कॉटवर पडले होते. निम्मे उरले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं. मामा उंबऱ्याशीच उभे राहिले, आत नाही, बाहेर नाही.  

विलासमामांनी तोंड फिरवलं नाही. त्यांनी फक्त चादरीखाली पाय आखडून घेतले, आणि कॉटच्या पायथ्याला एका माणसापुरती जागा झाली.

मामा जाऊन तिथे बसले.  मग मामांनी चादरीत हात घालून भावाची पावलं चाचपली.

“गार पडल्यात की तुजं पाय,” ते म्हणाले, आणि पावलं मांडीवर ओढून घेऊन चोळायला लागले.