मान कुणाच्या हाती द्यावी

डॉक्टरांना गाडी चालवता येते का, एवढं एक विचारून घ्यायचं असं सरांनी ठरवलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

सर ड्रायव्हिंग शिकवायचे. वर्षानुवर्षं शिकाऊ लोकांच्या पायांकडे वाकून बघून आणि त्यांच्या ब्रेकचे हिसके खाऊन त्यांची मान कामातून गेली होती. ती वळतच नसे. मागून कुणी हाक मारली की सर अख्खेच फिरत. दोघांनी मिळून कपाट फिरवावं तसे, सावकाश. चौकात गाडी वळवायची वेळ आली की ते समोर बघतच विचारत, "उजवीकडून कोण येतंय?" विद्यार्थी सांगेल ते खरं. (अजून कुठे धडकलो नाही, याचं श्रेय ते आपल्या शिकवण्याला देत. त्यांची बायको ते समोरून येणाऱ्यांना देई.)

दुखणं मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. झोपायचं तेही बसून. हाताला मुंग्या येत आणि चहाचा कप सुटून पडे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेलीय. ऑपरेशन केलं नाही, तर हाताची ताकद हळूहळू जाईल. केलं, तर शंभरातल्या दोन-चार जणांना त्रास होतो. बाकीचे बरे होतात."

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः गाडी चालवता?"

"छे हो, भीती वाटते. ड्रायव्हर ठेवलाय," डॉक्टर हसून म्हणाले.

झालं! सरांना हवं होतं ते कारण मिळालं.

"ज्याला साधा क्लच सोडता येत नाही, त्याच्या हाती मान द्यायची?" घरी आल्या आल्या ते बायकोला म्हणाले. "माणसाचा हात स्टिअरिंगवर कळतो."

"मग बघा की त्यांचा हात."

"म्हणजे?"

बायकोने सरळ फोन उचलला. नवीन विद्यार्थ्यांची नोंदणी तीच करत असे. दोन मिनिटं गोड बोलून तिने फोन ठेवला. "उद्या सकाळी येताहेत. पहिला क्लास फुकट म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. आणि मीही मागे बसणार आहे. तुम्ही त्यांना नापास करायचं ठरवूनच निघाल."

सकाळी डॉक्टर आले. स्टिअरिंग त्यांनी असं धरलं, की जणू ते चावेल. हात थरथरत होते. फाटकातून बाहेर पडेपर्यंत गाडी इतक्या वेळा बंद पडली की शेजारी गॅलरीत खुर्च्या टाकून बसले. गाडी बंद पडली की सरांचा चेहरा आणखी खुले.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. (म्हणजे समोरच्या काचेला. बायको मागे होती.)

"बघतेय. तुम्ही शिकवा."

कसेबसे ते चौकात पोचले.

"उजवीकडून कोण येतंय?"

"टेम्पो," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक थांबेल."

"बहुतेक म्हणजे?"

"शंभरातले दोन-चार थांबत नाहीत."

हा नेमका त्या दोन-चारांतला निघाला. सरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाणकन दाबला. हिसका बसला, मानेतून थेट बोटांपर्यंत कळ गेली आणि सर ओरडले.

गाडी चौकाच्या मधोमध आडवी. चारी बाजूंनी हॉर्न. डॉक्टरांनी हँडब्रेक ओढला (न सांगता, आणि बरोबर) आणि सरांची मान दोन्ही तळव्यांत धरली.

"हलू नका. बोटं हलवून दाखवा. छान. आता दुसऱ्या हाताची."

टेम्पोवाला भांडायला खिडकीशी आला.

"तुम्हीही हलू नका," डॉक्टर त्याच्याकडे न बघता म्हणाले. तो हलला नाही. हॉर्नही हळूहळू थांबले.

मघाशी थरथरणारे हात हेच का, असं सरांना वाटलं. आता ते इतके स्थिर होते की डोकं तिथेच ठेवून घरी जावं.

"काय हो, पास की नापास?" मागून बायकोने विचारलं.

"ऑपरेशन करू," सर काचेला म्हणाले. "घरापर्यंत गाडी मात्र टेम्पोवाल्याला चालवायला सांग."

ऑपरेशन झालं. मुंग्या गेल्या, कप हातात राहू लागला. काही महिन्यांनी मान तेल घातलेल्या बिजागरीसारखी वळायला लागली. सर कामावर परतले. पहिल्याच चौकात त्यांनी विद्यार्थिनीला काही न विचारता ऐटीत स्वतः उजवीकडे पाहिलं. एक बस इतक्या जवळून गेली, की आतल्या बाईच्या कानातले खडे मोजता आले असते.

"रोज... एवढ्या जवळून जातात?" सरांनी विचारलं.

"हो सर, नेहमीच. आज जरा लांबून गेली."

तेव्हापासून सर प्रत्येक चौकात न चुकता दोन्हीकडे मान वळवतात. डोळे मात्र मिटलेले असतात.