ढालकिड्यांना आमंत्रण

आमच्या श्रीगोंद्यातल्या कॉलनीत किड्यांबद्दल अक्कल असलेला माणूस एकच, तो म्हणजे मी! एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलंय. बाकीच्यांना किडा दिसला की एवढंच सुचतं: दुकानदार देईल ती बाटली आणा, नाकाला फडकं बांधा आणि फवारा. बाटलीवर काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. शिकलेल्यांनी वाचल्याचंही मी कधी पाहिलं नाही.

मार्गशीर्ष लागला तसा आमच्या परसातल्या वालाच्या वेलावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर बारीक काळी कीड, चिकट आणि गच्च. भिंतीपलीकडे शेजारच्या लंकाबाईंच्या वेलावरही तेच. माझी बायको मनकर्णा फवारणीचा पंप मागायला निघाली, तिला मी दारातच अडवलं. म्हटलं, मित्रकीटक नावाचा प्रकार असतो. कडेनं शेपू-कोथिंबीर फुलावर येऊ द्यायची, झेंडू लावायचा, की लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे आपणहून येतात आणि मावा फस्त करतात.

"आणि नाही आले तर?"

"भोगीच्या भाजीला बाजारातून एक जरी शेंग आणावी लागली, तर परसात खुशाल फरशी टाक," मी ताडकन म्हणालो.

बोलून गेलो खरा. वाळवणासाठी तिथं फरशी हवी, हे तिचं दोन वर्षांचं टुमणं होतं. आणि निवृत्त झाल्यापासून त्या एवढ्याशा बागेखेरीज मला दुसरं होतं काय?

लंकाबाई तर पाठीवर पंप चढवून तयारच होत्या. सगळा जन्म उसाच्या फडात गेलेला, अक्षरओळख सहीपुरती. तरी भिंतीवरून मी त्यांना पाऊण तास मित्रकीटक समजावले. त्यांनी पंपासकट उभं राहून ऐकलं, "बरं सर" म्हणाल्या आणि आत गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

शेपू फुलला. चार-पाच ढालकिडे आले, पानांवर इकडेतिकडे फिरले आणि निघून गेले. मनकर्णा म्हणाली, पाहुण्यांना स्थळ पसंत पडलेलं दिसत नाही. मी दुर्लक्ष केलं.

आठवड्यानं वेलावर भलतंच काहीतरी अवतरलं. काळ्या, काटेरी, अंगावर नारिंगी डाग, मगरीच्या पिल्लासारख्या ओंगळ अळ्या! ही नवी कीड कुठून आली असणार हे सांगायला ज्योतिषी नको. ज्यांची, त्यांना परत! रोज सकाळी चिमट्यानं एकेक उचलायची, श्रीखंडाच्या डब्यात भरायची आणि भिंतीपलीकडे उपडी करायची. मारून टाकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय लंकाबाई फवारणारच होत्या, त्यात यांचंही उरकलं असतं. बारा दिवस मी एकही अळी सोडली नाही.

या अळ्याही कामाच्या असतील का, असं मनकर्णानं एकदा विचारलं. मी तिच्यापुढे पुस्तकातलं ढालकिड्याचं चित्र धरलं. लाल, गोल, ठिपकेवाला. यात आणि त्यात काही साम्य दिसतं का, विचारलं. ती नाही म्हणाली. वर मी तिची कीवही केली.

भोगीच्या दिवशी वेलाची पानं आकसून काळी पडली होती. शेंगा मिळाल्या सात, त्याही सुरकुतलेल्या. वालाच्या शेंगांशिवाय आमच्याकडे भोगी होत नाही. मनकर्णानं खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली. ती चपला घालतेय तोच लंकाबाई टोपलीभर शेंगा घेऊन दारात. हिरव्यागार, टपोऱ्या! कोणतं औषध मारलं, मी तुच्छतेनंच विचारलं.

"फवारलं कुठं, सर? तुमी सांगितलं तवाच पंप माघारी दिला. आन् रोज सकाळी तुमी भिंतीवरनं काटेरी अळ्या देत हुता की. त्यांनीच समदा मावा खाल्ला. सरांनी येवढा वानोळा धाडला, म्हनलं आपल्याबी शेंगा त्यांच्या घरी जाया पायजेत."

मी म्हणालो, ढालकिडे लाल असतात.

"ते मोठेपनी, सर. ल्हानपनी असलंच काळं ध्यान असतंय. फडात लई बघितल्यात."

एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो: अंडी, अळी, कोष, कीटक. जो अळी विसरायचा, त्याला तासभर अंगठे धरून उभा करायचो. त्या पोरांची त्या क्षणी मला फार आठवण झाली.

भाजी फर्मास झाली होती. दुसऱ्यांदा वाढून घेताना मी मनकर्णाच्या लक्षात आणून दिलं, की बाजारातून एकही शेंग आणावी लागलेली नाही, तेव्हा पैज मीच जिंकलो. तिनं भाकरी वाढली.

फरशीवाला सोमवारी येतोय. शेपूच्या दोन कुंड्या तेवढ्या ठेवायला ती तयार आहे. भिंतीवर, लंकाबाईंच्या बाजूला.