मालतीबाईंची सीडी

स्नेहलची हळद संध्याकाळी होती आणि धवला हवा की डीजे, यावरून दोघा भावांची सकाळीच जुंपली.

"दादा, सयाजीचा डीजे ठरलाय," स्नेहलचा बाप दिलीप म्हणाला. "धवला कोन ऐकतंय आता?"

"तुजी पोरगी ऐकतंय. इचार तिला," किसन म्हणाला.

किसनची बायको मालतीबाई ही नावड्याची धवलारीण. गावातल्या प्रत्येक हळदीला धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, तीच गायची. स्नेहल पाळण्यात होती तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं, "हिचा धवला मीच गानार." मालतीबाई गेली. कोणाच्या तरी लग्नात भरलेली तिच्या गाण्यांची एक सीडी मागे राहिली. तिचा शब्द पाळायचा तर ती सीडी वाजायला हवी होती.

"बरं, वाजव," दिलीप म्हणाला. "पन सयाजीच्या आधी वाजली पायजे. नायतर डायरेक डीजे."

सयाजीच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. म्हणून किसन कामोठ्याला मिथुनकडे गेला. मिथुन जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचा.

"टेन्शन नका घेऊ काका. पेनड्राइव्हवर टाकून देतो," असं म्हणत मिथुनने सीडी हातात घेतली आणि थबकला. "हे काय थापलंय वर?"

"हळदकुंकू. तिच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेली असते. दसऱ्याला फोटोला लावतो, तवा हिलापन लावतो."

"अहो, पण सगळं एकाच जागी? ढेकूळ झालंय!"

"मग? कपाळ काय दरवर्षी बदलतं?"

मिथुनने फडकं उचललं. किसनने त्याचा हात धरला. "कुंकू पुसायचं नाय. सवाष्ण गेली ती."

मिथुनने फडकं खाली ठेवलं. त्याने सीडी तशीच आत सरकवली. आधी गुरगुर झाली. मग मिक्सरमध्ये खडे पडल्यासारखा खडखडाट झाला, टेबल थरथरलं आणि धाडकन आवाज झाला. ड्राइव्हचं तोंड उडून चहाच्या ग्लासात पडलं. मागोमाग चकाकणारे तुकडे बाहेर आले. मिथुन टेबलाखाली आणि किसन स्टुलावर.

"काका, ही चकती मिनिटाला हजारो फेरे फिरते," मिथुन खालूनच म्हणाला. "खिळ्याने मधल्या भोकाला चीर गेली असणार. त्यात एका बाजूला तुमच्या कुंकवाचं वजन. टिकेल कशी?"

किसन स्टुलावरून खाली उतरला. त्याच्या हातात एक तुकडा होता. कुंकू नेमकं त्याच्यावरच होतं.

दुकानाबाहेर नावड्याची सुंदराबाई मेथी विकत होती. तिने लगेच गावात फोन लावला. ती म्हणाली, मशीन फुटली. वेशीवर त्याचा गॅसचा बाटला झाला. मांडवात बातमी पोचली तेव्हा किसनदादाच उडाला होता.

मांडवात बायका हळद कुटत होत्या. समोर सयाजीचा टेम्पो होता. स्पीकरची खोकी अजून उतरायची होती. मालतीबाईच्या मागे गाणाऱ्या बयाबाईने सगळ्या बायकांना त्या खोक्यांवर चढवलं आणि सयाजीला म्हणाली, "हान गाडी!"

दुकानाच्या दारात पिवळ्या हातांच्या बायका उभ्या राहिल्या.

"मेल्या, जित्ता हाय!" बयाबाई ओरडली आणि तिने किसनच्या पाठीत एक धपका घातला. पाठीवर पाच पिवळी बोटं उमटली.

"मी हाय गो. तिचा धवला गेला," किसन म्हणाला. "तू तिच्या मागं गायची ना? मग तूच गा."

"आमी नुसत्या ओढायचो. उचलायची ती. मना पयली ओळ ठाव नाय."

"ती मना ठाव हाय."

"तुला कशी?"

"प्रत्येक लग्नाला स्कूटरवर मागं कोन बसायचं? सगळा धवला वाटेत माझ्या कानात म्हनून बघायची. कानात भरलेलं जातं कुठं?"

"मग बोलतो काय बसून? गा!"

किसनने घसा साफ केला.

"उंबराच्या डहाळीने मांडव सजविला गो, नावड्याची नवरी पाटावरी बसली गो..."

आवाज फाटका होता. पण बायकांनी पुढची ओळ अशी ओढली की रस्त्यावरचे लोक थांबले. टेम्पोतून गात परत जाताना कळंबोलीच्या सिग्नलवर दोन ट्रकवाल्यांनी हॉर्नही वाजवला नाही.

मांडवात दिलीपने डोक्याला हात लावला. "दादा, बाप्ये धवला गातात का कुठं? लोक हसतील!"

"पप्पा," पाटावरून स्नेहल म्हणाली, "काकांनी सुरुवात केल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाय."

माइक सयाजीनेच आणून दिला. पहिल्या ओळीला पोरं हसली. दुसऱ्या ओळीला म्हाताऱ्या सरसावून बसल्या. तिसरा धवला संपला तेव्हा पोरं चौथा मागत होती आणि सयाजी आपल्या खोक्यावर बसून ताल धरत होता.

धवलारिणीला मानाची साडी द्यायची रीत आहे. स्नेहलच्या आईला काय करावं ते सुचेना. शेवटी तिने साडी आणून किसनच्या मांडीवर ठेवली. मांडवात खसखस पिकली.

किसनने साडी उलगडली, पदर बघितला, पुन्हा नीट घडी घातली.

"दिलीप."

"काय दादा?"

"जांभळी हाय. तिला हिरवीच लागायची. जा, बदलून आन."

दिलीपने सगळ्यांकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं. त्याने साडी काखेत मारली आणि स्कूटरची किल्ली शोधायला लागला.

"काठ मोठे बघ," किसनने माइकवरून सांगितलं.