आठ मात्रांची जागा

विलासदादांकडे गाणं रेकॉर्ड करायला येणाऱ्या प्रत्येक गायकाला आधी खालच्या नळावरून भरलेला हंडा तिसऱ्या मजल्यावर आणावा लागतो. मग तो परळचा नवखा असो, नाहीतर मोबाइलवर गाजलेला एखादा स्टार. हंडा वर आला आणि गायक धापा टाकायला लागला, की दादा त्याला तसाच माइकसमोर उभा करतात. "आता गा. आता तू खोटं गाऊच शकत नाय." या पद्धतीने गायक सुधारतात की नाही ते मला माहीत नाही, पण सुलभावहिनींचं पिंप कायम काठोकाठ भरलेलं असतं.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत दादांची खोली माझ्या खोलीला लागून आहे. त्या एका खोलीत कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक माइक आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या सहा गोधड्या. रेकॉर्डिंग सुरू झालं की गॅलरीच्या कठड्यावर लाल टॉवेल पडतो. टॉवेल दिसला की मजल्यावर कुणी कुकर लावायचा नाही, मिक्सर फिरवायचा नाही. एकदा राणेकाकूंनी विसरून कुकर लावला आणि त्याची तिसरी शिट्टी नेमकी सुरात आली. दादांनी ती गाण्यात ठेवली. काकू अजून पाहुण्यांना ते गाणं ऐकवतात.

तरुणपणी दादा ऑर्केस्ट्रात गायचे. भायखळ्याच्या एका बँडवाल्याने त्यांना अमेरिकेतल्या सोल गाण्यांची, म्हणजे तिथल्या काळ्या गायकांच्या जीव ओतून गायलेल्या गाण्यांची कॅसेट दिली होती. इंग्रजीचा एक शब्द कळला नाही, "पण माणसाला काय होतंय ते कळलं," असं दादा सांगतात. तेव्हापासून भीमगीत असो की हळदीचं गाणं, ते सोलमध्येच गायचे. जीव तोडून, गुडघे टेकून. नायगावात एका बारशाला त्यांनी असा पाळणा म्हटला की झोपलेलं बाळ दचकून उठलं आणि आजी रडायला लागली. पोस्टरवर नाव यायचं, 'सोल सिंगर विलास, साथीला सुलभा'. म्हणजे आमच्या वहिनीच. दादांनी ओळ टाकायची आणि वहिनींनी तिला सुरात उत्तर द्यायचं, अशी त्या दोघांची पद्धत होती.

मग एक दिवस दादांनी गाणं सोडलं. कारण विचारलं तर म्हणतात, "गळा बसला रे." तोच गळा गॅलरीतून खाली चहावाल्याला हाक मारतो तेव्हा अख्खी गल्ली वर बघते. आता ते गाणी लिहितात, चाली लावतात आणि दुसऱ्यांकडून गाऊन घेतात. "पोटातून आण, नाकातून नको," हे दिवसातून वीस वेळा. पण चाल शिकवतानासुद्धा स्वतः गात नाहीत. शीळ घालतात.

त्यांच्या प्रत्येक गाण्यात मुखडा संपला की आठ मात्रा रिकाम्या असतात. शब्द नाही, वाद्य नाही, ढोलकीसुद्धा नाही. हळदीत नाचणाऱ्यांचे हात तिथे वरच राहतात. डीजेला वाटतं, पेनड्राइव्ह अडकला. चाळीत या प्रकाराला 'दादांचा खड्डा' म्हणतात.

गेल्या महिन्यात एका मोठ्या म्युझिक कंपनीने दादांचं गाणं मागितलं. साठी जवळ आलेली, आणि चाळी-मांडवांच्या बाहेर जाणारं हे त्यांचं पहिलंच गाणं. ऑफिसात कामाला असल्यामुळे त्यांचे ईमेल मीच लिहितो. कंपनीची एकच अट होती, ती रिकामी जागा भरा.

"दादा, एक बासरी टाकू या ना."

"नाय."

"मग कोरस?"

"अरे, तिथे जागा सोडलीय मी."

"अहो, पण कुणासाठी?"

"पाणी गेलं का बघ जरा नळाचं."

मला राग आला. एवढी चालून आलेली संधी हा माणूस आठ मात्रांच्या हट्टापायी घालवणार, असं मी घरी बायकोला बोलूनही दाखवलं.

उत्तर पाठवायचा शेवटचा दिवस रविवार होता. दुपारी मी लॅपटॉप घेऊन गेलो तर कठड्यावर लाल टॉवेल. मी दारातच थांबलो. आत गायक नव्हता. दादा डोळे मिटून बसले होते, वहिनी पिंपाशेजारी तांदूळ निवडत होत्या. गळ्याच्या ऑपरेशनपासून वहिनींचा आवाज गेला आहे. त्या बोलतात ते कानाजवळ गेल्याशिवाय कळत नाही.

स्पीकरवर तेच गाणं लागलं होतं. मुखडा संपला, वाद्यं थांबली. वहिनींनी सूप खाली ठेवलं, मान वर केली आणि त्या गायला लागल्या. हात उठला, ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली. मला दारातून फक्त वारा सुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. आठव्या मात्रेला दादांनी मांडीवर थाप मारली, "हाय! जियो सुलू!" आणि ढोलकी सुरू झाली. वहिनींनी सूप पुन्हा हातात घेतलं.

माइक बंद होता. त्याची वायरसुद्धा गुंडाळून ठेवलेली होती. म्हणजे टॉवेल रेकॉर्डिंगसाठी नव्हताच. तेवढं ऐकू यावं म्हणून या माणसाने अख्खा मजला गप्प केला होता. मला माझ्या बासरीची भयंकर लाज वाटली.

दादांनी डोळे उघडले. "काय रे, मेल पाठवायचाय ना? लिही, जागा भरलेली आहे. पायजे तर घ्या."

मी उभ्या उभ्या लिहिलं आणि पाठवून दिलं. वहिनींनी दादांकडे बघून एक बोट वर केलं. म्हणजे, गाणं अजून एकदा लावा.

तेवढ्यात गॅलरीतून राणेकाकूंचा आवाज आला, "झालं का हो? कुकर लावू?"

"पाच मिनिटं थांबा काकू," मी म्हणालो, "रेकॉर्डिंग चालू आहे."