रंगूआबांची अदलाबदल

आमच्या शेजारचे रंगूआबा सकाळी सकाळी स्वतःच्या घरची चहापावडर घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येत. घरचा चहा बेचव लागला, तर दोष पावडरीचा की सुनेचा? हे ठरवायला ती पावडर परक्या घरात उकळून बघायला हवी, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे चहा चांगला झाला की सून दोषी. आमची भिंत सामाईक, त्यामुळे निकाल तिला लगेच ऐकू जाई.

"जागा बदलून बगायची, दिलीप. चोर आपसूक गावतो."

पावडरीनंतर पंखा आला. त्यांच्या घरी खडखडतो म्हणून त्यांनी तो आमच्या हॉलमध्ये टांगला. आमच्याकडेही खडखडला. म्हणजे पंखाच दोषी, असं सांगून आबा जे गेले ते तो उतरवायला फिरकलेच नाहीत. माझं कामशेतात तांदळाचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकून घरी यावं, तर डोक्यावर आबांचा आरोपी. बायको म्हणे, म्हातारं माणूस आहे, सोसा. म्हातारं झालं म्हणून काय आमच्या डोक्यावर मिरे वाटायचे?

त्यांची एक जुनी व्हॅन होती. तिच्यातून ते शिरगावच्या साईमंदिराला भाविकांना सोडत. एका गुरुवारी आम्हा दोघांनाही घेऊन निघाले, आणि सोमाटण्याला व्हॅन झटके द्यायला लागली. इंजिन पुढच्या सीटखाली आणि सीटवर माझी बायको, हातात नारळाचं ताट. तिला भर उन्हात उतरवून आबांनी सीट उचलली. चालू इंजिनात प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढून पाहिली. एकीची काढली तरी आवाजात फरक पडेना.

"हितं ठिणगी न्हाई. पर दोष कॉइलचा का प्लगचा?"

त्यांनी ती कॉइल शेजारच्या जागी बसवली आणि तिथली हिच्या जागी. लगेच शेजारचा सिलिंडर मेला आणि हा ठणठणीत झाला. मग जवळच्याच दुकानातून नवी कॉइल आणून लावली, आणि व्हॅन लोण्यासारखी पळाली.

"बगितलं? जिकडं ती गेली, तिकडं झटका गेला."

बायकोचं कपाळ दुखायला लागलं होतं. दर्शनाला आम्ही शेवटचे.

त्याच आठवड्यात आबांच्या घरी भाजीतल्या मिठावरून कडाक्याचं वाजलं. मीठ आमच्याकडे यायच्या आत आबांनी जाहीर केलं, "लोनावळ्याला लेकीकडं ऱ्हातो. तितं माजं गुन्यागोविंदानं चाललं, की कळंल समद्यांना दोष कुनाचा." थांबा, असं कोणी म्हटलं नाही. मुलगा नितीन स्वतः त्यांची बॅग व्हॅनपर्यंत घेऊन आला. आबांनी ते पाहिलं आणि व्हॅन काढली. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं झालं.

पुढे दुकानाच्या कामासाठी लोणावळ्याला गेलो, म्हणून त्यांच्या लेकीच्या घराची बेल वाजवली. "खाली गाडीत असतील," एवढंच बोलून तिनं दार लावलं. बिल्डिंगच्या मागे व्हॅन उभी होती. आबा आत बसले होते.

"झटका हितं बी आला," ते म्हणाले. "जावाई ताटावरनं उठला. लेक रडली."

आता तरी चोर गावला का, हे अगदी ओठांवर आलं होतं. त्यांचं तोंड पाहिलं आणि ते गिळून टाकलं.

"नितीनकडं कसं हाय? भांडनाचा आवाज येतो?"

"सूनबाई तुमची आठवण काढते."

"त्ये न्हाई इचारलं. आवाज येतो का?"

"नाही."

"हसत्यात?"

"हसतात, आबा."

"लय बरं झालं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, म्हणूनच मला कसंतरी झालं. मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली होती, पायाशी तांब्या.

"इथंच झोपता?"

"व्हय. जेवन झालं की लगीच खाली येतो. तवापासनं वर बी आवाज न्हाई."

मला त्यांचा राग आला, नितीनचा आला, लेकीचाही आला. "बॅग घ्या," मी म्हणालो, "आमच्याकडे चला. आमचं घर मोठं आहे."



"नगं. तुजी बायकू लय भली हाय. तिच्या घरात मला कशाला नेतोस?"

आणि त्यांनी व्हॅनचं दार आतून हळूच ओढून घेतलं.