जिना विचाराधीन आहे

घर वाढवायला अक्कल लागते आणि ती आपल्याकडे आहे, असं भीमरावांचं ठाम मत होतं. सरकारी बांधकाम खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. तिथे त्यांनी वीट कधी उचलली नव्हती, नुसत्या फायली पुढे सरकवल्या होत्या, हे मात्र ते सांगत नसत.

मुलगा राकेश आणि सून निकिता दोघंही खराडीच्या आयटी पार्कात कामाला. लग्नानंतर दोघं मांजरीच्या या जुन्या घरातच राहत होते, पण अलीकडे विश्रांतवाडीत फ्लॅट बघू लागले होते. आपल्या वडिलांनी उसाच्या मळ्याकडेला बांधलेल्या घरात आता दोन म्हातारी माणसंच उरणार, या विचाराने भीमरावांना घास गोड लागेना. मग त्यांनी डाव टाकला. माडीवर पोरांसाठी ऐसपैस खोली, पुढे गॅलरी. एवढं बघून फ्लॅटचं नाव कोण काढेल?

गेनबा गवंड्याने सुरुवातीलाच विचारलं, "साहेब, जिना कुठनं काढायचा हाय?"

आतून काढावा, तर स्वयंपाकघर निम्मं होत होतं. "माझ्या ओट्याला हात लावून तर बघा," प्रेमलाबाईंनी नवऱ्याला बजावलं. बाहेरून काढावा, तर पायऱ्या चुलतभावाच्या हद्दीत जात होत्या आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं. भीमरावांनी चष्मा पुसला.

"जिना तूर्त विचाराधीन ठेवू. बाकीचं होऊ द्या."

बाकीचं झालं. स्लॅब पडला, फरशी बसली, रंग लागला. सगळी ये-जा बांबूच्या परांचीवरून चालायची आणि ती इतकी अंगवळणी पडली, की जिन्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

रविवारी नव्या खोलीत बुद्धवंदना ठेवली. भंतेजी, भीमराव, राकेश आणि निकिता वर बसले. प्रेमलाबाई खाली खिरीपाशी होत्या. तेवढ्यात परांचीवाल्याचा टेम्पो आला.

"काकू, बांबू न्यायचेत. दुसऱ्या साइटवर काम अडलंय."

"न्या बाबा एकदाचे. पाहुण्यांना अंगण तरी दिसू दे."

त्याने बांबूंबरोबर भिंतीला टेकवलेली गेनबाची शिडीही आपलीच समजून नेली.

वंदना संपली. "चला भंतेजी, भोजनाला," म्हणत भीमराव ऐटीत गॅलरीच्या टोकाशी गेले, पाय उचलला आणि तसाच हवेत धरला.

"अहो, पानं वाढलीत. या की खाली," प्रेमलाबाई अंगणातून म्हणाल्या.

"कसा येऊ?"

"गेलात तसे."

राकेश उडी मारायला निघाला, तर निकिताने त्याचा शर्ट धरला. जेवायला नुकताच पोचलेला गेनबा तसाच सायकलवर टांग मारून शिडी शोधायला पळाला. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत आणि बारा तर वाजत आलेले. भंतेजी आपल्या दारातून उपाशी जाणार, या कल्पनेनेच भीमरावांच्या तोंडचं पाणी पळालं. अर्थात, त्यासाठी ते आधी दारापर्यंत पोचायला हवे होते.

शेवटी कोऱ्या बादलीला दोर बांधून जेवण वर ओढलं. भात आला, वरण आलं, निम्मी खीर नव्या रंगाला लागली. भंतेजी शांतपणे जेवले.

"सगळं अनित्य आहे, भीमराव," ते म्हणाले. "परांचीसुद्धा."

भीमराव कोपऱ्यात मान घालून बसले. एवढा खटाटोप केला आणि सुनेसमोर ही शोभा झाली.

"निकिता, पापड भाजायचे राहिलेत. निकिता, कुकरची शिट्टी कुठे ठेवलीस? निकिता, ऐकतेस ना?" खालून प्रेमलाबाईंच्या हाका चालूच होत्या.

"बेटा, फ्लॅटचं तुम्ही बघा," भीमराव पडेल आवाजात म्हणाले. "मी काही म्हणणार नाही."

निकिताने एकदा खाली पाहिलं, मग परांची होती त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि सासऱ्यांजवळ येऊन बसली.

"फ्लॅट कॅन्सल, पप्पा. आम्ही इथेच राहतो. फक्त जिन्याची काही घाई करू नका."

खालच्या हाका थांबल्या.

"अहो," प्रेमलाबाई अंगणातून म्हणाल्या, "गेनबा आला की त्याला सांगा, जिना उद्याच घाल. माझा ओटा फोडला तरी चालेल."